टाचण्या काढा, ताई!

आमच्या थोरल्या जाऊबाई एकोणीस वर्षं एका शिंप्याच्या दुकानात कामाला. पुढं गिऱ्हाइकांशी गोड बोलायला मालक, आणि आतल्या खोलीत बेतायला, शिवायला, उसवायला या. कोट अंगावर छान बसला की कौतुक मालकांचं. नाही बसला, तर "आतल्या बाईनं घोळ घातला." ऐकूनच माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

शेवटी मीच म्हटलं, "ताई, तुम्ही पॉडकास्ट करा. कपडा अंगावर कसा बसवायचा, एवढंच सांगा लोकांना."

"वेडी का काय! माझं कोण ऐकणार?"

"आम्ही ऐकतोच की घरात. सुटका आहे का?"

पहिल्या दिवशी फोन समोर ठेवला आणि बाईंच्या तोंडचं पाणीच पळालं. एरवी बोलायला लागल्या की थांबत नाहीत, आणि इथं कागदावरून शाळेतली सूचना वाचावी तसं वाचलं. मी सरळ पुसून टाकलं. म्हटलं, हातात काम घ्या, मला सांगता तसं सांगा. मी आपली स्वयंपाकघरात जाते.

कमाल झाली! पाऊण तास बाई अखंड बोलल्या. एक खांदा उतरता असेल तर काय करायचं, पोट सुटलं असेल तर बटणं कुठं लावायची. संध्याकाळी सगळे ऐकायला बसलो, तर नुसतं शूशू, फुसफुस. बाई ओठांत टाचण्या धरून बोलल्या होत्या! कापड हातात आलं की टाचण्या तोंडात, इतक्या वर्षांची सवय. त्यांना पत्ताच नाही. थोरले दीर हसून हसून लोळले. "ही काय कुकरची मुलाखत?" म्हणाले. ताई जेवल्याच नाहीत. मग मीही दिरांना वाढलं नाही. घ्या म्हटलं आपल्या हातानं!

सुट्टीच्या दिवशी दुपारी मी म्हटलं, "टाचण्या काढा, ताई," आणि डबीच उचलून कपाटात ठेवली. तशा त्या बावरल्या.

"टाचण्यांशिवाय चुकेल गं."

"चुकू दे. बोला."

बोलल्या. दोनदा अडखळल्या, ते तसंच राहू दिलं. आठवड्याभरात त्रेसष्ट जणांनी ऐकलं.

त्यातला एकजण माग काढत दुकानात पोचला. म्हणाला, कोट त्या आतल्या ताईंनाच दाखवायचाय. मालकांना मिरच्या झोंबल्या. चारचौघांत म्हणाले, "दुकानातली कला बाहेर वाटतेस? आत्ताच्या आत्ता काढून टाक ते. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

ताई भरदुपारी घरी. मी विचारलं, "मग काय म्हणालात?"

"म्हटलं, कला माझ्या हातातली आहे, काढणार नाही. कात्री माझी होती, घेऊन आले."

दीर ओरडले, "जा, माफी माग! नोकऱ्या काय झाडाला लागल्यात?"

ताईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला म्हणाल्या, "फोन ठेव समोर."

"ताई, आवाज थरथरतोय. आधी पाणी प्या."

"थरथरू दे."

मी बटण दाबलं.

"नमस्कार. आज माझी नोकरी गेली. आवाज कापतोय, थोडा भीतीनं, जास्त रागानं. आज कॉलर कशी लावायची ते सांगणार आहे. आमचे मालक ऐकत असतील तर त्यांनीही कापड घेऊन बसावं. त्यांना ती अजून येत नाही."