अकरा मीटरची ओळ

डॉ. गाबोर सरांची आणि माझी पहिली भेट कतारमधल्या अल रुवैसजवळच्या एका साइटवर झाली, तेव्हा सर दगड चाटत होते. मी नाशिकहून नुकताच आलेला भूवैज्ञानिक. साहेबांना ऊन लागलं, असं मला वाटलं. "तूही चाटून बघ," ते म्हणाले. "दगडात चिकणमाती असली की जीभ चिकटते."

सर मूळचे हंगेरीचे. तिथल्या गुहांत उतरून त्यांनी चुनखडीचा अभ्यास केला आणि तीसेक वर्षांपूर्वी ते कतारला आले. वरून सपाट दिसणाऱ्या इथल्या जमिनीच्या पोटात पोकळ्या असतात, हे ऐकायला कोणाला वेळ नसतो. सरांनी सांगणं सोडलं नाही.

त्या साइटवर बोअर घेणारे होते लातूरचे शिवाजी गिरी. ते नोंदवही मराठीत लिहीत. मी सरांना वाचून दाखवून ती इंग्रजीत उतरवत असे. एके दिवशी त्यांनी लिहिलं, 'अकरा मीटरवर रॉड एकदम खाली गेला. आत पोकळ.' आणि त्याच जागी भलीमोठी टाकी उभी राहायची होती. ठेकेदाराच्या मॅनेजरनी मला बाजूला घेतलं: ती ओळ काढ, नाहीतर गिरी उद्याच्या विमानात. गिरींची नोकरी वाचवतोय, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं तर मी माझी वाचवत होतो. ओळ गाळली.

सरांनी माझा कागद पाहिला. "काल तू अकरा मीटर वाचलंस. आज ते कुठे गेलं?" मॅनेजरनी दिलेली धमकी मी सांगून टाकली.

मीटिंगमध्ये मॅनेजर म्हणाले, "सर, रिपोर्टवर सही करा, खलास." सरांनी गिरींना शेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि काय झालं ते विचारलं. गिरी म्हणाले, "सायेब, रॉड गेला तर गेला म्हणूनच लिव्हणार." मी भाषांतर केलं, या खेपेला एकही शब्द सोडला नाही. सर मॅनेजरना म्हणाले, "यांना पाठवायचं असेल तर दोन तिकिटं काढा."

सही झाली नाही. टाकीची जागा बदलावी लागली. सरांचा करार मात्र वाढला नाही. त्यांनी जवळच्याच मदिनत अश शमाल गावी स्वतःचं छोटं ऑफिस थाटलं. तिथे आज गिरीही आहेत आणि मीही. त्या कागदावरून सरांनी मला आजवर एका शब्दानं टोचलेलं नाही.

सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त हा अंक काढणाऱ्या गौरव समितीनं कळवलं आहे, की आनंदाच्या अंकात हे प्रकरण नको. का नको? मग सरांचा गौरव करायचा तो कशाचा? छापायचं तर सगळं छापा, नाहीतर लेख परत करा.

सर, पंचाहत्तरीनंतरही गुडघे तुम्हाला साथ देवोत, प्रकृती ठणठणीत राहो आणि अजून पुष्कळ वर्षं आमच्या वह्या तुमच्या नजरेखालून जावोत. ती ओळ मी एकदा गाळली होती. आता गाळणार नाही.