आखरावरचा मुरूम

आमच्या रग्बी क्लबचा इतिहास अध्यक्ष दर वर्षी माईकवरून सांगतात आणि दर वर्षी माझ्या डोक्यात तिडीक जाते. आयत्या बिळावरचा नागोबा! रग्बीचा चेंडू लांबट असतो, हेसुद्धा त्यांना क्लबात आल्यावर कळलं.

तो चेंडू इथे मी आणला. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव गेल्यावर आम्हाला कारध्याजवळ वसवलं. नव्या वस्तीत आखर, म्हणजे गुरं जमायची जागा, रीतसर सोडली होती. गुरं मात्र कोणाकडे उरली नव्हती. मी शाळेत खेळ शिकवायचे. वस्तीतल्या पोरींना त्या रिकाम्या आखरावर उतरवलं. दारासमोरच खेळ चालायचा म्हणून आयांनी हरकत घेतली नाही. भाजी फोडणीला टाकून त्या ओट्यावर येऊन बघायच्या.

रग्बीत पडावंच लागतं. पळणाऱ्या पोरीच्या कमरेला मिठी मारायची आणि तिच्यासकट जमिनीवर यायचं. म्हणून उन्हाळ्यात तलाव आटला की घराघरातून माणसं टोपल्या घेऊन निघत आणि जुन्या गावी भाताच्या बांधीत टाकायचो तसा गाळ आखरावर टाकत. पावसात तो मुरे, वर हरळी धरे, मग पडलं तरी लागत नसे. हा आमचा क्लब. पाटी, कमान, रंगरंगोटी ही सगळी नंतरची थेरं.

हे अध्यक्ष झाले आणि पाहुणे येणार म्हणून त्यांनी आखरावर मुरूम टाकून रोलर फिरवला. पाहुण्यांच्या बुटांना चिखल लागायला नको ना! मी ओरडले, तर म्हणाले, "ग्राउंड कसं चकाचक दिसून राहिलं, मॅडम. तुमाले कायले राग येते?"

पहिल्याच आठवड्यात कर्णधार पोरीच्या हाताची कोपरापासून सालं निघाली. तिची आई माझ्या दारात आली. "लग्नाची पोरगी आहे जी. उद्या तोंड खरचटलं त कोण करन तिले?" अध्यक्षांनी तोडगा काढला, पोरींनी नदीवरचा पूल ओलांडून भंडाऱ्याला खेळायला जावं. ओट्यावरून नजर ठेवणाऱ्या आया पुलापलीकडे पाठवतात होय? एकेक पोरगी गळत गेली. या माणसाचा मला आजही संताप येतो आणि तो शांत व्हावा असं मला मुळीच वाटत नाही.

यंदाच्या वर्धापनदिनी ते माईकवर म्हणाले, पोरींचा इंटरेस्टच कमी झाला. कर्णधार पोरगी खुर्चीवरून उठली, क्लबच्या खोलीत गेली आणि भिंतीवरचा पहिल्या टीमचा फोटो काखेत मारून बाहेर आली.

"काहून नेऊन राहिली वं?" अध्यक्षांनी माईकवरूनच विचारलं.

"जिथं आमाले पडता येत नाही काकाजी, तिथं आमचा फोटो कायले पाहिजे?"

 ती घरी गेली, मीही तिच्या मागोमाग निघाले.

आठवड्याभरात अध्यक्षांनी त्याच खिळ्यावर स्वतःचा फोटो लावला.