मान खाली घातलेली आक्का

शेजारची पोरगी शाळेत ड्रॉइंग टीचर व्हायचं म्हणून निपाणीहून बेळगावला डिग्री करायला जाते. बोटं कायम कोळशानं काळी, आणि कुणाचं ऐकून घेईल तर शपथ. "चित्रं काढायला डिग्री कशाला गं?" असं विचारलं, की म्हणते, "काढायला न्हाई, शिकवायला लागती."

माझी बायको गेली. घरात तिचा धड फोटो नव्हता. बाराव्याला पोरीनं तिचं चित्र आणलं. मांडीवर सूप, मान खाली, विड्या वळत बसलेली. मेव्हणा भडकला, "तोंड समोर काढ. रंग जरा उजळ कर!"

"आक्का अशीच हुती, मामा. खोटी आक्का मी काढणार न्हाई."

हार मीच घातला. चित्रातली माझ्याकडं बघत नाही. जितेपणीही हातात काम असलं, की बघायची नाही.