आमच्या घरी सगळे सोबत जेवतात

मुलीच्या शाळेत पालकसभा होती. घरात जवळीक राहायची असेल तर दिवसातून एकदा तरी सगळ्यांनी मिळून जेवावं, असं वर्गाच्या बाई सांगत होत्या. माझ्या नवऱ्यानं लगेच हात वर केला. "आमच्या घरी तर रोज सगळे सोबतच जेवतात मॅडम. टीव्ही बंद, मोबाईल बंद." बाईंनी कौतुकानं मान हलवली. शेजारच्या खुर्चीवर बसून मी पर्सचा पट्टा पिळत होते, कारण चारचौघांत नवऱ्याची मान पिळता येत नाही. समोर मी त्याला अहो-जाहो करते. इथं लिहिताना करणार नाही.

सगळे म्हणजे कोण? सासरे, नवरा आणि आमची अकरा वर्षांची मुलगी. गांधीबागेतल्या कापडाच्या दुकानातून नवरा घरी आला की ताटं वाढली जातात. म्हणजे मी वाढते. आणि या घराण्याला पोळी तव्यावरून थेट ताटातच पडलेली लागते, डब्यातली घशाखाली उतरत नाही. "आण वं एक गरम." "बाबाले अर्धी दे." मी सकाळी बसनं कळमेश्वरला जाऊन चाळीस पोरांना शिकवते, पण घरी मला कुणी बस म्हणत नाही. तव्यासमोर उभी असताना बाहेरून तिघांचं हसणं ऐकू येतं. कशावर हसले विचारलं तर, "जाऊ दे न, नंतर सांगतो." नंतर बापलेक रॅकेट घेऊन खाली बॅडमिंटन खेळायला जातात, सासरे बाल्कनीतून गुण मोजतात आणि मी ओट्याशी उभ्यानं जेवते. लग्नाला पंधरा वर्षं झाली, रोज हेच.

त्या सभेत बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. मुलीनं खो-खोच्या संघातून महिन्याभरापूर्वीच नाव काढून घेतलं होतं. मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याला ठाऊक होतं. "जेवताना बोलली होती ते," म्हणे. माझ्याच घरातली बातमी मला परक्या बाईकडून कळावी! मला इतका संताप आला की परतताना गाडीवर मागे बसून मी त्याच्या खांद्याला हातसुद्धा लावला नाही.

बरं, या माणसाला चुलीतलं काही कळत नाही म्हणावं, तर तसंही नाही. दर हिवाळ्यात सासऱ्यांच्या शेतावर रोडगे होतात. त्या दिवशी सगळा स्वयंपाक पुरुषांचा. जाडसर कणकेचे गोळे करायचे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकायची, कढईभर वांग्याची भाजी करायची, सगळं तेच करतात. बायकांनी हात लावायचा नाही, अशी रीतच आहे. माझा नवरा पन्नास माणसांचे रोडगे भाजतो आणि एकही कच्चा निघत नाही. सगळे रोडगे एकदमच निघतात, म्हणून पंगतही एकदमच बसते. मुलगी माझ्या मांडीला मांडी लावून बसते आणि तोंडात घास असतानाच बोलत सुटते. जेवण जिरवायला लंगडी खेळतो. गेल्या वर्षी मी पदर खोचून एका पायावर नवऱ्याला अख्खं शेत पळवलं आणि बाद केलं. सासरे ओरडत होते, "धर वं त्याले, सोडू नको!" दुसऱ्या दिवशी तोच माणूस बसल्या जागेवरून पाण्याचा ग्लास मागतो. तेव्हा मला त्याचे ते खरपूस रोडगे त्याच्याच डोक्यात घालावेसे वाटतात.

सभेच्या दिवशी संध्याकाळी मी सगळ्या पोळ्या आधीच करून डब्यात भरल्या. डबा मधोमध ठेवला, गॅस बंद केला आणि माझं ताट घेऊन मुलीशेजारी बसले. नवऱ्यानं पोळीला बोट लावून पाहिलं.

"काहून गा, आज गरम नाही?" त्यानं हे बापाला विचारलं, मला नाही. सासऱ्यांनी मान खाली घालून घास चावायला घेतला.

"मी जेवून राहिले न," मी म्हटलं.

"एक टाक न वं. दोन मिनिटाचं काम आहे."

"दोन मिनिटाचं आहे न? मग उठा. पन्नास जणाचं करता तुम्ही."

"ते वेगळं असते."

काय वेगळं असतं, हे विचारायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात मुलगी अर्ध्या ताटावरून उठली. "तू जेव आई, मी टाकीन पप्पाले. मले येते आता." कुणी शिकवलं विचारलं तर म्हणाली, "तुले पाहून पाहून." नवरा खुशीत हसला. "पहा, किती शहाणी आहे माझी पोरगी!"

मी तिचं मनगट धरून तिला खाली बसवलं, जरा जोरातच. तिचे डोळे भरले. तिला वाटलं मी तिच्यावर चिडले आहे. मी माझ्यावर चिडले होते. नवऱ्यानं गुमान थंड पोळी वरणात कुस्करली.

थोड्या वेळानं मी आवाज मऊ करून तिला म्हटलं, "शाळेत काय चाललंय तुझं, मला सांग न."

"सांगितलं न मी सगळं, जेवताना," ती नाक पुसत म्हणाली. "तू तिथंच तर होती, ओट्याजवळ."