गादीमामाची स्वतःची गादी

"बाबा, आधी आंघोळ. मग नात!"

"अगं, गालाला एक बोट तरी लावू दे."

"बोटालाही कापूस आहे तुमच्या. आणि त्या भुवया बघा, पीठ सांडल्यासारख्या."

"पिकल्यात त्या!"

"सकाळी तर काळ्या होत्या."

गादीमामा उंबऱ्याबाहेर, लेक कंबरेवर हात ठेवून उंबऱ्यात आणि तिच्यामागे नात, नाकाला रुमाल लावून हसत उभी. हसता हसता पोरगी शिंकली, आणि एकदा सुरू झाली ती थांबेना. मामा मुकाट मागच्या न्हाणीकडे वळले.

आमच्या गल्लीच्या टोकाला मामांचं गाद्यांचं दुकान. एक खोली, कापूस पिंजायचं एक खडखडणारं यंत्र आणि उरलेल्या जागेत कापूस. गिऱ्हाइकानं चहा मागवला तर वरची कापसाची साय फुंकून प्यायचा. कुणाच्या घरी गेले की मामा खुर्चीवर बसत नसत, पलंगावर बसत आणि बसल्या बसल्या तळहातानं गादी दाबून बघत. एकदा मयताच्या घरी भेटायला गेले आणि मेलेल्या माणसाचीच गादी दाबून म्हणाले, "कापसाचा दगड झालाय. दोन वर्षांनी गादी उसवलीच पाहिजे." बायकांनी रडं थांबवून तोंडाला पदर लावला.

नात सुट्टीसाठी आली होती. मामी गेल्यापासून घरात मामा आणि मांजर, दोघंच. पोरगी आली तसे मामा दुकान लवकर बंद करायला लागले. पण तिच्या शिंका काही थांबेनात. पहाटे छातीत सूं सूं वाजायला लागलं तेव्हा लेक म्हणाली, "रविवारपर्यंत बघते. नाहीतर हिला घेऊन जाते. पुन्हा इथे मुक्कामाला आणायची नाही."

डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं आणि सांगितलं, "धुळीची ॲलर्जी आहे. घरातली धूळ म्हणजे नुसती माती नव्हे. आपली झडलेली कातडी, कपड्यांचे धागे, मांजराचा कोंडा, सगळं त्यात येतं. ती कातडी खाऊन जगणारे बारीक किडे असतात, डोळ्याला दिसत नाहीत. गादी-उशीत त्यांची वस्ती. त्यांची घाण नाकात गेली की नाक चिडतं."

"गादीत? माझ्या घरच्या?" मामा उठूनच उभे राहिले. "हे म्हणजे सोनाराच्या घरात पितळ निघालं म्हणण्यासारखं झालं, बाई."

"निघतंही कधी कधी," बाई म्हणाल्या.

मामांनी गादी सोडून सगळ्या घरावर राग काढला. पडदे उतरवले. कपाटाच्या माथ्यावरून बोटभर जाड धूळ निघाली. कोरडा झाडू बंद करून ओलं फडकं आणलं. मांजर दुकानासमोरच्या शिंपिणीकडे धाडलं, ते दुपारच्या दुधाला परत आलं, पुन्हा धाडलं.

"पोर दिवसभर बरी असते," लेक म्हणाली. "झोपून उठली की सुरू होते. बाबा, ती झोपते कुठे?"

मामा फडकं पिळत बसले. पिळून पिळून त्यातलं पाणी कधीच संपलं होतं.

पोरीला त्यांनी स्वतःची गादी दिली होती. घरातली सगळ्यात मऊ. मामा कापूस पिंजायचे आणि मामी दाभणानं टाके घालायची, असा दोघांचा धंदा. मामीनं शिवलेली शेवटची गादी ती. सगळ्या गावाच्या गाद्या उसवणाऱ्या माणसानं तिचा एक टाका कधी तोडला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

लेकीला ते ठाऊक होतं. आवाज उतरवून म्हणाली, "राहू द्या, बाबा. मी नेते हिला रविवारी. गादी तशीच असू दे."

सकाळी मामा गादीची वळकटी डोक्यावर घेऊन दुकानाकडे निघाले. ओट्यावर गादी पसरली आणि सवयीनं तळहात दाबला.

"दगड झालाय," ते स्वतःलाच दरडावून म्हणाले, आणि पातं घेतलं.

पहिला टाका तुटेना. मामांनी कपाळाला हात लावला. "काय बाई होती! गादी शिवत होती की खजिना पुरत होती? दोन बोटांवर टाका! तेव्हाच म्हटलं होतं, लांब घाल, उसवणाऱ्याचाही विचार कर. ऐकेल तर शपथ!"

प्रत्येक टाक्याला मामीला एक शिवी बसली. टाके संपले तेव्हा शिव्याही संपल्या. आतून निघाला तो कापूस करडा, गोळे गोळे झालेला. उन्हात धुळीचा लोटच उठला. मामा स्वतः इतके शिंकले की शिंपीण रस्ता ओलांडून बघायला आली. तिच्या काखेत मांजर.

जुना कापूस फेकून दिला. घट्ट विणीची नवी खोळ, नवा कापूस. चादरी-अभ्रे कढत पाण्यात काढून उन्हात टाकले. राहिले टाके. मामांचे डोळे आता दाभणात सुतळी ओवण्याएवढे राहिले नव्हते. लेकीनं नाकाला रुमाल बांधला, पोरीला घरातच ठेवलं आणि दाभण उचललं. पहिला टाका बघूनच मामा ओरडले, "तुझ्या आईसारखे जवळ जवळ नको घालू! दोन वर्षांनी मलाच उसवायचेत."

"मग तेव्हा मलाही शिव्या द्या," लेक म्हणाली.

शिंका अगदी गेल्या नाहीत. रविवारी सकाळी पोरीनं दोन दिल्या, पण छाती वाजली नाही. लेकीनं एकटीचीच पिशवी भरली. निघताना बजावलं, "औषध चुकवायचं नाही. मांजर बाहेर. आणि आधी आंघोळ..."

"मग नात, माहीत आहे!"

कोपऱ्यावर ती दिसेनाशी झाली तोच दुकानासमोरून कुणीतरी हाक मारली, "मामा, चार उशा आणल्यात, बघता का?" मामांनी तिथूनच विचारलं, "केव्हा उसवल्या होत्या शेवटच्या?" आणि बाह्या वर सारत दुकानात शिरले.