हळदीआधीचा कागद

माझं लग्न ठरलं तेव्हाच साटंलोटंही ठरलं. मी पासलीहून भोरला या घरात यायचं आणि नणंद मोठी झाली की ती माझ्या धाकट्या भावाला द्यायची. आमच्याकडं यात कुणाला नवल वाटत नसे. माहितीतलं घर, पोरगी कुठं जाते याची काळजी नाही.

माझा मुलगा सहा महिन्यांचा होईतो पांढराफटक दिसू लागला. पुण्याच्या डॉक्टरांनी थॅलेसेमिया सांगितला. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायचं, तेही जन्मभर. आम्हा नवरा-बायकोच्या रक्तात निम्मा निम्मा दोष होता. आम्हाला त्याचा त्रास नव्हता. मुलात दोन्ही निम्मे एकत्र आले. डॉक्टरांनी लिहून दिलं : दोन्हीकडच्या भावंडांचं रक्त लग्नाआधी तपासा.

कागद मी सासूबाईंना वाचून दाखवला.

"पोरीच्या रक्तात निघालं तर तिला कोण करंल?" त्या म्हणाल्या. "आन् तुजा भाऊबी बसंल घरी. गप ऱ्हा. सगळ्यांचीच पोरं काय अशी व्हत्यात?"

मी गप्प राहिले. त्यांच्यावर ढकलत नाही. वाचता मला येत होतं, त्यांना नाही. कागद ट्रंकेत साड्यांखाली ठेवला. चार महिन्यांनी नणंदेला हळद मीच लावली.

मी स्वतः दुसरं मूल होऊ दिलं नाही. मुलगा अकराव्या वर्षी गेला. तोवर भावाच्या मुलीलाही रक्त चढू लागलं होतं. रक्ताच्या तारखेला नणंदेबरोबर मी जायची. कुठल्या नर्सला शीर पटकन सापडते, सुई टोचताना मुलीशी काय बोलायचं, मला सगळं पाठ होतं.

काही वर्षांनी मुंबईच्या एका दवाखान्याबद्दल कळलं. तिथं गर्भ शरीराबाहेर तयार करून तपासतात आणि निरोगी असेल तोच पोटात ठेवतात.

"भाताचं बी मिठाच्या पाण्यात टाकतो तसंच की," नणंद हसून म्हणाली. "तरंगंल ते फेकायचं."

भावाचे आणि तिचे चार गर्भ तयार झाले. तीन आजारी निघाले. एक चांगला होता, तो ठेवला. तो टिकला नाही.

ते कळलं त्या दिवशी भाऊ भाताच्या लावणीत अडकलेला, म्हणून तिच्याबरोबर मी होते. तिची मुलगी भोरला आजीकडं होती. परतताना कापूरहोळला उतरून आम्ही भोरच्या एसटीची वाट बघत उभ्या होतो.

"वहिनी, तितल्या डॉक्टरीणबाई इचारत हुत्या, लग्नाआदी तपासा म्हनून कुणी सांगितलं न्हाई का." तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "तुमाला ठावं व्हतं?"

"व्हय. तुझ्या हळदीच्या आधीच कागद आला होता."

एसटी आली. गर्दी नव्हती. ती खिडकीशी बसली आणि पिशवी तिनं शेजारच्या जागेवर ठेवली. मी मागच्या बाकावर बसले.

पुढच्या तारखेला ती मुलीला घेऊन एकटीच गेली.