गायरानातले खड्डे

आमच्या गावाची मला किळस येते, हे आधीच सांगून टाकतो. गाव धानपट्ट्यातल्या गोरेगावजवळच आहे. नाव विचारू नका, सांगायची लाज वाटते.

गायरानात तरोट्याच्या तणाशिवाय काही उरलं नव्हतं आणि तरोट्याला गुरं तोंड लावत नाहीत. ती बिचारी बाजाराच्या रस्त्यावर प्लास्टिकच्या पन्न्या चघळत फिरायची. ते बघवेना म्हणून सुशिलाबाई उठली. साठीची बाई, घरी एकच गाय. तिनं ग्रामसभेत भांडून गायरान दोन पावसाळे चराईला बंद करून घेतलं, बाया जमवून तरोटा फुलायच्या आत उपटला आणि धानाची रोवणी करावी तसे मारवेल गवताचे ठोंब लावले. मारवेलानं एकदा जीव धरला की तो दरवर्षी आपोआप फुटतो. फक्त मुळं पक्की होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात गवत गुडघाभर झालं आणि गावाची नियत फिरली.

मागून आणलेलं रोप लागत नाही, चोरलेलं लागतं, म्हणतात आमच्याकडे. झालं! जो तो कुदळ घेऊन गायरानात. मुळासकट ठोंब काढायचे, खड्डे तसेच सोडायचे आणि ठोंब आपल्या शेताच्या बांधावर, धुऱ्यावर लावायचे. सुशिलाबाईच्या शेजारचा श्यामलाल तर भरदिवसा पोतं घेऊन आला.

"काऊन खोदून राहिला रे?" तिनं विचारलं.

"एकच त नेऊन राहिलो, काकी. एकानं का होते?"

अख्खं गाव हेच म्हणत होतं. वर याच लोकांनी पुढं धुऱ्यावर तणनाशक फवारलं आणि चोरलेलं गवतही जाळलं. थू असल्या अकलेवर!

गायरान उघडायच्या दिवशी सुशिलाबाईनं आपल्या गाईला हळदकुंकू लावून सगळ्यांच्या आधी आत सोडलं. उरलेलं हिरवं पाहून गाय धावत सुटली. गवताआडच्या खड्ड्यात तिचा पुढचा पाय गेला आणि मोडला.

मग मात्र सगळे धावले. कोणी दोर आणला, कोणी बांबू. श्यामलाल सगळ्यांच्या पुढं. सुशिलाबाई गाईचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिनं मान वर केली.

"हा खड्डा कोनाचा होय? पहिले सांगा, मंगच हात लावा माह्या गाईले."

गाय हंबरत होती, तरी खड्डा आपला म्हणून हात लावायला कोणी पुढं आलं नाही.